सोडलेला संकल्प

मराठीत संकल्प ‘सोडतात’. पूजेला बसलेला माणूस हातावरचं पाणी ताम्हनात सोडतो आणि तिथून त्याचं व्रत सुरू होतं. एखाद्या गोष्टीवरचा हक्क कायमचा टाकायचा असेल, तर तिच्यावरही ‘उदक सोडतात’. धरायलाही पाणी, सोडायलाही पाणीच.

आजीच्या पिढीकडे आणखी एक शब्द होता: उद्यापन. सोळा सोमवार केले, सतराव्याला उद्यापन. वर्षानुवर्षं चालवलेला एखादा उपास वयामुळे झेपेनासा झाला, तरी त्याचंही उद्यापन करून टाकायचे. चार जणांना जेवायला बोलवायचं, हात जोडायचे, झालं. बाई हरली, असं कुणी म्हणत नसे.

आपल्याला ही सोय नाही. आपण सुरुवात स्टेटस ठेवून करतो आणि शेवट ग्रुप म्यूट करून.

माझ्यापुरतं सांगतो. 2020च्या लॉकडाऊनमध्ये मी यावलला घरूनच ऑफिसचं काम करत होतो. शाळा बंद होत्या. गल्लीतल्या दहावीच्या पाच-सहा मुलांना रविवारी गूगल मीटवर गणित शिकवायला लागलो. पुढे पुण्याला परत आलो, वर्ग चालूच राहिला. पाच-सहाची चाळीस मुलं झाली, रविवारला शनिवार जोडला गेला, मग रात्री अकरापर्यंत व्हॉट्सॲपवर शंकांचे फोटो. त्यात नोकरीतली जबाबदारी वाढलेली. गेलं वर्षभर शुक्रवारी संध्याकाळीच पोटात गोळा यायला लागतो. मुलं गोड आहेत, गणित मला आवडतं, तरीही येतो.

यंदा थांबायचं ठरवलं, तेव्हा नात्यातले एक वडीलधारे म्हणाले, “एवढं चांगलं काम अर्ध्यात सोडतोस?” त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. पण ‘अर्ध्यात’ हा शब्द माझ्या डोक्यात अडकला. अर्ध्यात म्हणजे कशाच्या? सोळा सोमवारांत सातव्याला थांबलं तर अर्ध्यात. ज्या कामाला शेवटचा आकडाच नाही, ते तुम्ही दोन वर्षांनी थांबवा नाहीतर वीस वर्षांनी, अर्ध्यातच सुटणार. अशा कामात यशस्वी होण्याचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे ते करता करता मरणं. मला हा हिशेबच चुकीचा वाटतो.

आमच्याकडे यावल-रावेर पट्ट्यात केळीवर सीएमव्ही नावाचा विषाणू येतो. रोप एकदा धरलं की औषधानं बरं होत नाही, आणि मावा तो विषाणू शेजारच्या रोपांवर नेतो. म्हणून रोगट रोपं उपटून नष्ट करावी लागतात. गेल्या काही वर्षांत कित्येकांनी कोवळ्या बागाच्या बागा उपटल्या. रोपं, ठिबक, खत, मजुरी, सगळा खर्च झालेला. तरी उपटणाऱ्याला गावात कुणी पळपुटा म्हणत नाही, कारण पानावरचे पिवळे पट्टे सगळ्यांना दिसतात. माणसाच्या थकव्याचे पट्टे दिसत नाहीत, एवढाच फरक.

यावल तालुक्यातल्याच फैजपूरला डिसेंबर 1936मध्ये काँग्रेसचं अधिवेशन झालं, खेडेगावात भरलेलं पहिलं. अध्यक्ष नेहरू, आणि बांबूचा मंडप सजवायला नंदलाल बोस. शाळेत आम्हाला हे अभिमानानं सांगत. सांगत नसत ते हे, की ज्यांच्या आग्रहानं अधिवेशन खेड्यात आलं, ते गांधीजी तेव्हा काँग्रेसचे साधे सभासदही नव्हते. 1934मध्येच त्यांनी सभासदत्व सोडलं होतं. लपूनछपून नाही, निवेदन काढून, कारणं देऊन. आपल्यावरच्या निष्ठेमुळे अनेक सुशिक्षित कार्यकर्त्यांना मनातलं मोकळेपणी मांडता येत नाही, हे त्यातलं एक. मग ग्रामोद्योगाचं काम हाती घेतलं आणि त्याच कामाच्या प्रदर्शनासाठी फैजपूरलाही आले.

ही माघार नावापुरतीच होती, पक्षात शब्द शेवटी त्यांचाच चालला, असा आक्षेप तेव्हापासून आहे. तो मला बराचसा पटतो. पद सोडायचं आणि दोरी हातात ठेवायची, हे सोडणं नव्हे. (प्रत्येक ऑफिसात एक असा सीनियर असतो, जो प्रोजेक्ट दुसऱ्याला देतो आणि त्याची ओळन् ओळ तपासत बसतो.) पण सांगून निघणं आणि नाव पटावरून काढलं तरी काम टाकून न देणं, या दोन गोष्टी मी त्यांच्याकडून घेतो.

सांगून निघायचं म्हटलं, की देणं किती ते आधी मोजावं लागतं. यंदाची दहावीची मुलं माझ्या भरवशावर बसलीत, त्यांची परीक्षा होईपर्यंत एकही रविवार चुकवणार नाही. नोट्स आणि रेकॉर्डिंग एका ड्राइव्हवर टाकतोय. पहिल्या तुकडीतली दोघं आता इंजिनिअरिंगला आहेत, त्यांना वर्ग चालवाल का म्हणून विचारलंय. अजून हो म्हणाले नाहीत, आणि मी गळ घालणार नाही. त्यांनी घेतला तर ग्रुपचा ॲडमिन मी राहणार नाही. नाही घेतला तर वर्ग बंद होईल. काही मुलांना दुसरी सोय परवडणारी नाही, हेही मला माहीत आहे. ते बोचतं आणि बोचत राहील.

परवा एका विद्यार्थिनीच्या आईचा फोन होता. धाकटी पुढच्या वर्षी दहावीला जाईल, तिचं नाव आत्ताच लिहून ठेवा म्हणाल्या. मी म्हटलं, “ताई, पुढच्या वर्षी मी वर्ग घेणार नाही.” त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग विचारलं, “मोठीची परीक्षा होईस्तोवर तर आहात ना?”

“आहे,” म्हटलं.