पेल्यापूर्वीचे स्मरण

‘मी काही व्यसनी नाही, चार लोकांत बसलो म्हणजे थोडी घेतो, एवढेच.’ हे वाक्य आज सुशिक्षित गृहस्थांच्या तोंडी वारंवार ऐकू येते. बोलणारा मुद्दाम खोटे बोलतो असे नाही. परंतु व्यसन प्रथम येते ते बहुधा स्नेहाचा आणि सभ्यतेचा वेष घेऊनच. म्हणून ते वेळीच ओळखावे कसे आणि ओळखल्यावर आवरावे कसे, हा प्रश्न भल्या घरातल्या माणसानेच स्वतःला आधी विचारला पाहिजे.

बंगाली ग्रंथांचे मराठी रूपांतर करीत असता एकोणिसाव्या शतकातील कलकत्ता नगरीचे जे चित्र माझ्यापुढे उभे राहिले, ते या बाबतीत फार बोधप्रद आहे. १८१७ साली स्थापन झालेल्या हिंदू कॉलेजातून इंग्रजी विद्या शिकून निघालेल्या कित्येक तरुणांना मद्यपान हे सुधारणेचे लक्षणच वाटू लागले होते. राजनारायण बसू हे त्यांतलेच एक. अतिपानाने ते आजारी पडले व त्यांना कॉलेज सोडावे लागले. पुढे त्यांनीच मेदिनीपुरात सुरापाननिवारणी सभा काढली. १८६३ च्या सुमारास प्यारीचरण सरकार यांनी खुद्द कलकत्त्यात तसाच उद्योग आरंभिला.

त्याच काळात, १८६० साली, मायकेल मधुसूदन दत्त यांचे ‘एकेइ कि बले सभ्यता’ हे प्रहसन प्रसिद्ध झाले. ‘यालाच का सभ्यता म्हणायची?’ असा त्या नावाचा अर्थ. ज्ञानचर्चेच्या सभेचे निमित्त करून पेले रिचविणाऱ्या बाबूंची त्यात यथेच्छ थट्टा आहे. पण तेच मधुसूदन १८७३ साली, वयाची पन्नाशीही न गाठता, कर्ज, आजार आणि मद्य यांनी जर्जर होऊन कलकत्त्यात निवर्तले. दुसऱ्यांतला दोष ज्यांना इतका स्वच्छ दिसला, त्यांनाही तो स्वतःपुरता सोडविता आला नाही. यावरून असे दिसते की, दोष कळणे ही पहिली पायरी खरी. पण ती शेवटची नव्हे.

भगवंतांनी गीतेच्या दुसऱ्या अध्यायात पतनाची परंपरा सांगितली आहे. विषयाचे चिंतन, त्यातून आसक्ती, आसक्तीतून कामना, कामनेतून क्रोध, मग मोह, स्मृतिभ्रंश आणि शेवटी बुद्धिनाश. येथे आरंभ सेवनाने होत नाही, चिंतनाने होतो, हे नीट ध्यानात घ्यावे. म्हणून ‘किती घेतली?’ एवढेच मोजून भागत नाही. शनिवारच्या बैठकीची वाट मन बुधवारपासून पाहते काय? कमी केली पाहिजे असे कधी वाटले आहे काय? पत्नीने किंवा वडिलांनी शब्द काढताच राग येतो काय? दुसऱ्या दिवशी मनाला खंत लागते काय? सकाळी उठताच घेतल्यावाचून हात स्थिर राहत नाही, असे होते काय? वैद्यही आज याच जातीचे प्रश्न विचारतात. यांतील एकाचेही उत्तर ‘होय’ असेल, तर साधकाने सावध व्हावे.

आता आवरण्याचा उपाय. त्याच दुसऱ्या अध्यायात भगवान म्हणतात की, विषय दूर ठेवल्याने विषय सुटतात, पण त्यांची गोडी मागे राहते. ती गोडी ओसरते परमतत्त्वाच्या दर्शनाने. या वचनाचे भाष्यच जणू कलकत्त्यातील एका गृहस्थाच्या चरित्रात वाचावयास मिळते. सुरेंद्रनाथ मित्र हे इंग्रजी पेढीत चांगल्या हुद्द्यावर असलेले संसारी गृहस्थ. त्यांना मद्याची सवय होती आणि मित्रांच्या बोलण्याचा उपयोग होत नव्हता. दक्षिणेश्वरी श्रीरामकृष्ण परमहंसांनी त्यांना एकदम ‘सोड’ म्हटले नाही. त्यांनी सांगितले ते असे की, घ्यावयाचेच तर आधी जगन्मातेला अर्पण करून घ्यावे. मात्र पाय डळमळू नये आणि मन ढळू नये. सुरेंद्रांनी तसे आरंभिले. ते मातेपुढे बसू लागले, हाक मारू लागले, डोळ्यांतून अश्रू वाहू लागले. आणि अतिपान हळूहळू ओसरले. १८८६ साली परमहंसांच्या देहत्यागानंतर त्यांच्या तरुण शिष्यांना वराहनगरात घर भाड्याने घेऊन देणारे ते हेच सुरेंद्र.

हा प्रसंग वाचून कोणी पेल्याला प्रसाद म्हणू लागेल, तर तो स्वतःलाच फसवील. तो उपदेश एका अधिकारी गुरूने एका विशिष्ट शिष्याला केला होता. आपण त्यातील मर्म घ्यावे. हात आणि पेला यांच्यामध्ये ईश्वराचे स्मरण उभे राहिले की सवयीची साखळी तेथेच खिळखिळी होते. ज्या घोटापूर्वी देवाचे नाव घेण्यास लाज वाटते, तो घोट आपला नव्हे, एवढे मनाशी ठरवावे.

सहाव्या अध्यायात मनोनिग्रहाची दोन साधने सांगितली आहेत: अभ्यास आणि वैराग्य. गृहस्थाने अभ्यास लहानच धरावा, पण मोडू नये. बैठकीस जाण्यापूर्वीच ‘आज नाही’ हा निश्चय पत्नीजवळ बोलून दाखवावा. यजमानाकडे सरबत मागण्यात कमीपणा मानू नये. नेमाचे दिवस वाढवीत जावे. बैठकीच्या वेळी घरी मुलांना घेऊन पाठास बसावे. ‘थोडी प्रकृतीला बरी असते’ या समजुतीचा आधारही आता उरलेला नाही. मद्याचे कोणतेही प्रमाण निर्धोक नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली स्पष्ट सांगितले आहे. मात्र जो वर्षानुवर्षे रोज पुष्कळ घेत आला आहे, त्याने केवळ निश्चयाच्या बळावर एकाएकी सोडू नये. त्याने कंप, झटके, भ्रम असे प्राणावरचे विकार उद्भवू शकतात. अशाने आधी डॉक्टरांकडे जावे. त्यात लाज नाही.

आणि नेम एखादे दिवशी मोडला तर? तर ‘आता सर्व गेले’ म्हणून पेला पुन्हा भरू नये. आपला उद्धार आपणच करावा, स्वतःला खचू देऊ नये, हीच भगवंतांची आज्ञा आहे. दाराशी वाट पाहणारी माणसे आपल्याला शुद्धीवर भेटावीत, एवढेच तर मागत असतात. उद्याच्या संध्याकाळी ती भेट त्यांना द्यावी. आरंभाला तेवढे पुरे आहे.

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥