गंधाचा भोग आणि गंधाचे ज्ञान

गंध हा इंद्रियांचा विषय असल्यामुळे साधकाने त्यात गुंतू नये, असे निवृत्तिमार्गी परंपरा बजावतात. तरीही देवपूजेच्या पंचोपचारांत, म्हणजे गंध, पुष्प, धूप, दीप आणि नैवेद्य या पाच अर्पणांत, पहिला मान सहाणेवर उगाळलेल्या चंदनाला मिळतो. ही विसंगती उलगडायची तर गंधाला केवळ सुखाचे साधन न समजता न्याय-वैशेषिक दर्शनाने त्याची जी चिकित्सा केली, तिच्याकडे वळावे लागते.

या दर्शनानुसार पंचमहाभूतांपैकी गंध फक्त पृथ्वीला आहे, आणि अन्नंभट्टांच्या ‘तर्कसंग्रह’ या प्रवेशग्रंथात तर पृथ्वीचे लक्षण, म्हणजे तिला इतर द्रव्यांपासून वेगळा करणारा धर्म, गंध हेच दिले आहे. यावरचा आक्षेप उन्हाळ्यात घरोघरी सापडतो, कारण माठात वाळ्याची जुडी सोडली की पाण्यालाही सुवास येतो. नैयायिकांच्या मते तो सुवास पाण्यात उतरलेल्या पार्थिव कणांचा असून पाण्याच्या ठिकाणी होणारी त्याची प्रतीती औपाधिक, म्हणजे संनिध असलेल्या दुसऱ्या द्रव्यामुळे आलेली असते. दगडाला वास का नाही, या उलट प्रश्नाला ते सांगतात की दगडाच्या भस्माला वास येतो, त्याअर्थी मूळ दगडातही गंध आहेच, मात्र तो अनुद्भूत, म्हणजे इंद्रियाला जाणवण्याइतका प्रकट न झालेला आहे. हे उत्तर चतुर असले तरी सिद्धान्त वाचवण्यासाठी योजलेले वाटते; प्रत्येक पुद्गल-परमाणूत, म्हणजे जडद्रव्याच्या सूक्ष्मतम कणात, मग तो पाण्याचा का असेना, एक गंध असतोच असे मानणाऱ्या जैन तत्त्वज्ञांना ही कसरत करावी लागली नाही.

पहिल्या पावसानंतर दरवळणाऱ्या मृद्गंधाचे एक मुख्य कारण मातीतील सूक्ष्मजीवांनी तयार केलेले जिऑस्मिन हे द्रव्य आहे, असे रसायनशास्त्र सांगते. वैशेषिकाला याने धक्का बसला नसता, कारण त्याच्या लेखी या लोकीचे प्राणिशरीरही पार्थिवच आहे.

इंद्रिय विषयाशी प्रत्यक्ष संयोग झाल्यावरच ज्ञान देते, या मताला प्राप्यकारित्व म्हणतात. त्यानुसार फुलाचे सूक्ष्म अंश वाऱ्याबरोबर नाकापर्यंत येतात, आणि हुंगलेले फूल देवाला वाहू नये या आचारामागेही, हुंगणे हे एक प्रकारचे सेवन होय, अशीच काहीशी धारणा असावी. मात्र घ्राणेंद्रियाला केवळ गुण कळतो, द्रव्य कळत नाही. अंधारात सुवास आल्यावर मोगरा जवळ असल्याचे अनुमान करावे लागते. याच्या उलट, दूरवरचे चंदन नुसते पाहूनही ते सुगंधी असल्याची जाणीव होते, हे न्यायातील गाजलेले उदाहरण आहे. पूर्वीच्या ज्ञानाच्या आधारे घडणारे हे अलौकिक प्रत्यक्ष होय, असे नव्य नैयायिक म्हणतात, तर अद्वैत वेदान्ती त्यातील गंधाचा अंश प्रत्यक्ष मानतच नाहीत. येथे वेदान्त्यांचे म्हणणे अधिक सरळ वाटते.

एका साध्या वासामागे संयोग, स्मृती आणि अनुमान यांचे एवढे व्यापार चालत असतील, तर रोजच्या गंधांकडे लक्ष देण्याला सरसकट भोग म्हणता येणार नाही. भगवद्गीतेच्या सातव्या अध्यायात पृथ्वीतील पवित्र गंध हे ईश्वराचेच रूप सांगितले आहे, आणि न्यायशास्त्राने मानलेल्या प्रत्यक्षाच्या सहा प्रकारांत घ्राणज प्रत्यक्षाला चाक्षुष प्रत्यक्षाच्या बरोबरीने स्थान आहे.