मौन आणि संमती

माउलींच्या पालखीचा तळ पडला की समाजआरतीच्या वेळी चोपदार चोप उंचावतात आणि टाळ एकदम थांबतात. ज्या दिंडीचे गाऱ्हाणे असेल तिचे मात्र वाजतच राहतात. ते ऐकून निवाडा होईतो हजारो वारकरी तिष्ठत उभे! एका दिंडीपायी एवढा खोळंबा? होय. दाबून टाकलेली कुरकुर पुढे वाटभर काट्यासारखी सलते. त्यापेक्षा खोळंबा बरा. उद्या निघायचे केव्हा, हे मात्र नुसते पुकारतात. कुणाला विचारीत बसत नाहीत, आणि तेच योग्य. आमची शंका निराळीच आहे. मौन म्हणजे संमती, असे आपण धरून चालतो. पण डोईवर तुळस घेतलेल्या, पाण्यावाचून राहिलेल्या म्हातारीच्या हाती टाळ कुठे असतो? तिचे गाऱ्हाणे विणेकऱ्याने आरतीपूर्वीच विचारून घ्यावयास नको काय, संतहो?