वडिलांचं पिस्तूल नेमकं कुठल्या भागात असतं?

टेक्सासमधला माझ्या टीमचा एक सहकारी गेले काही महिने एका निर्णयावर अडून बसलाय. त्याच्याकडे दिवंगत वडिलांचं रुगर मार्क टू आहे. पॉइंट टू-टूचं रिमफायर पिस्तूल. म्हणजे काडतुसाच्या बुडाच्या मधोमध नव्हे, तर कडेवर घाव बसून गोळी उडते. १९८२ मध्ये आलेलं हे मॉडेल २००४ च्या सुमारास बंद झालं. त्याची बारा वर्षांची मुलगी त्यावर नेमबाजी शिकतेय आणि त्याला नळीच्या तोंडाला आटे हवेत. आटे असले की सायलेन्सर बसतो.

मी एच-वन-बी व्हिसावर. शिकारीच्या परवान्यासारखे अपवाद सोडले तर मला तिथे बंदूक बाळगणं मना आहे. त्यामुळे माझं मत फुकटचं आहे, हे धरूनच वाचा.

सायलेन्सर म्हटल्यावर सिनेमातला खुनी आठवतो. आपल्याला खरं तर बुलेट आठवायला हवी, आणि ते बरोबरही आहे. हायरम पर्सी मॅक्झिमनं १९०९ मध्ये बंदुकीच्या सायलेन्सरचं पेटंट घेतलं. पुढे त्याच्या कंपनीनं इंजिनांचेही बनवले. १९३४ मध्ये अमेरिकेनं बंदुकीच्या सायलेन्सरवर २०० डॉलर कर लावला. तो २०२५ संपेपर्यंत तेवढाच राहिला आणि १ जानेवारी २०२६ पासून शून्य झाला. नोंदणी मात्र अजून लागते. आणि कानांचं म्हणाल, तर एवढ्याशा पिस्तुलाचा आवाजही १४० डेसिबलची धोक्याची रेषा ओलांडतो. इअरमफ आहेत की, असं मीही म्हणालो होतो. पण ते घातल्यावर मुलीला बापाची सूचना नीट ऐकू येत नाही, आणि हातात भरलेलं पिस्तूल असताना ती ऐकू यायलाच हवी.

तर आटे हवेत. पण कसे? एक मार्ग म्हणजे नळी लेथवर लावून आटे पाडायचे. दुसरा, आटे असलेल्या नळीचा तयार वरचा भाग विकत घ्यायचा. मार्क टूमध्ये नळी रिसीव्हरच्या नळकांड्यात घट्ट आवळलेली असते आणि सिरियल नंबर त्या नळकांड्यावर असतो. कायद्याच्या लेखी नंबर आहे तो भाग म्हणजे पिस्तूल. आमच्या भाषेत, प्रायमरी की तिथे आहे. खालची मूठ, ट्रिगर, मॅगझिन हे नुसते सुटे भाग. म्हणजे नवा वरचा भाग परवानाधारक दुकानदाराकडून, नवं पिस्तूल म्हणूनच घ्यावा लागणार. पण वडिलांच्या तळव्यानं गुळगुळीत झाली ती मूठ! कायदा जिला काहीच मोजत नाही, तिच्यातच वडील सर्वांत जास्त उरलेत.

मिलिंदपन्हात नागसेन राजाला विचारतो, रथ म्हणजे चाक का, आस का, जू का? एकही नाही, जुळणीला दिलेलं नाव म्हणजे रथ. वाचताना पटतं. हातात वडिलांची वस्तू असली की पटवून घ्यावं लागतं.

सहकाऱ्याचा कल दुसऱ्या मार्गाकडे आहे: मूळ भाग कपड्यात गुंडाळून ठेवायचा, हवा तेव्हा परत बसवायचा. लेथला अनडू नाही, हे त्याचं म्हणणं इंजिनियर म्हणून मला मान्यच आहे. तरी मी असतो तर आटे पाडले असते. बंद पडलेलं म्हणजे दुर्मिळ नव्हे. ही पिस्तुलं तिथे भरपूर आहेत, जगाचं काही नुकसान होणार नाही. उलट दुसऱ्या मार्गानं कायद्याचं पिस्तूल कपाटात जाईल आणि मूठ मुलीच्या हातात. एका वस्तूच्या दोन अर्धवट वस्तू. वडिलांनी ते वापरायला घेतलं होतं. नातीच्या कानांसाठी त्यावर एक खूण वाढली तर ती वस्तूच्या आयुष्यातलीच खूण आहे. मेलेल्या माणसाची परवानगी मागता येत नाही हे खरं, पण म्हणून प्रत्येक बदलाला त्याचा नकार गृहीत धरायचा का?

हे त्याला ऐकवलं. त्यानं पिस्तुलाचा फोटो झूम करून दाखवला. नळी तोंडाकडे निमुळती, आणि नेम धरायची माशी अगदी टोकाशी. आटे पाडायला जागा करायची तर ती मागे सरकवावी लागेल. ती माशी वडिलांनी कानशीनं घासत घासत, आपल्या डोळ्याला जुळेपर्यंत कमी केली होती.