शेजारच्या खोलीत कोण राहतो?

मुलांनो, हॉस्टेल डे पार पडला. समितीने हिशोबाची वही माझ्या टेबलावर आणून ठेवली आहे. मंडप, डीजे, लाइट, टी-शर्ट, जेवण, सगळ्याच्या पावत्या जोडलेल्या आहेत. पैशांबद्दल माझी तक्रार नाही. पण हा कार्यक्रम कशासाठी, तेही तुम्हीच पत्रिकेवर छापले होते: वसतिगृहात बंधुभाव वाढावा म्हणून. आज मला त्या बंधुभावाचा हिशोब घ्यायचा आहे, आणि तो साफ बुडीत खाती आहे.

तुम्ही मैदानात नाचत होता त्या रात्री दुसऱ्या मजल्यावर पहिल्या वर्षाचा एक मुलगा तापाने फणफणत पडला होता. डेंगी होता, हे नंतर दवाखान्यात कळले. ताप त्या रात्रीच आला असे नाही. मेसच्या वहीत त्याचे खाडे पडत होते आणि हा जेवायला का येत नाही, असे एकानेही विचारले नाही. त्याचा रूम पार्टनर गावी गेला होता. झाडायला येणाऱ्या मावशींनी सकाळी दार ढकलून पाहिले, वॉचमनला हाक मारली, म्हणून मुलगा वेळेत सलाईनवर गेला. शेजारच्या खोलीतल्या दोघांना बोलावून मी विचारले, याचे नाव काय? दोघे एकमेकांच्या तोंडाकडे पाहत राहिले. पहिले सत्र संपत आले, मध्ये एका विटेची भिंत, आणि शेजाऱ्याचे नाव माहीत नाही!

अशा हॉस्टेलमध्ये तुम्ही बंधुभावाचा कार्यक्रम करता आणि त्याला डीजे लावता. लाज वाटायला हवी.

आता वर्गणीचे बोलू. सगळ्यांकडून सारखी वर्गणी घेतलीत आणि वर त्याला समता म्हणालात. ज्यांची आली नाही त्यांची नावे नोटीस बोर्डावर लावलीत. त्या यादीतल्या मुलांचे आईवडील ऊसतोडीला जातात, हे तुम्हाला कळायला नको का? सकाळचा नाश्ता टाळून महिन्याचे पैसे वाचवणारी मुले याच इमारतीत राहतात. शिष्यवृत्ती उशिरा आली की मेसचे बिल कसे भरायचे या चिंतेने त्यांना रात्र रात्र झोप लागत नाही. गरीब मुलाची गरिबी चारचौघांत उघडी करायची आणि नंतर त्याच्याच खांद्यावर हात टाकून फोटो काढायचा, हे मी खपवून घेणार नाही. ती यादी मी फाडली आहे. यापुढे वर्गणी ऐच्छिक राहील, आणि कोणी किती दिले हे खजिनदाराशिवाय कुणालाही कळता कामा नये.

पहिल्या वर्षाच्या मुलांना त्या दिवशी काय काम दिले होते? खुर्च्या उचलणे, सतरंज्या अंथरणे, पाण्याचे जार वर नेणे. कार्यक्रम सुरू झाल्यावर त्यांना मागे उभे केले. त्याआधी रात्री अकरानंतर त्यांना एकेका खोलीत बोलावून 'इंट्रो' घेतलात. मान खाली घाल, शर्टाचे वरचे बटण लाव, सीनियरला तीन वेळा नमस्कार कर. तुम्ही याला ओळख म्हणता. कायदा याला रॅगिंग म्हणतो. महाराष्ट्राने त्यासाठी १९९९ साली स्वतंत्र कायदा केला. त्यात दोन वर्षांपर्यंत कैद आहे, दहा हजारांपर्यंत दंड आहे. मार्च २००९ मध्ये हिमाचल प्रदेशातल्या एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या वसतिगृहात एकोणीस वर्षांचा मुलगा सीनियरांच्या मारहाणीने जिवानिशी गेला. ती मारहाण करणारेही आपण गंमत करतोय, परंपरा पाळतोय, असेच समजत होते. त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाने देशभरासाठी नियमावली केली. प्रवेशाच्या वेळी तुम्ही आणि तुमच्या पालकांनी न वाचता सही केलेले प्रतिज्ञापत्र त्याच नियमावलीतले आहे.

ती नियमावली जरा उघडून वाचा. तिच्यात शिक्षेइतकेच बाकीचेही बरेच आहे. नव्या आणि जुन्या मुलांनी शिक्षकांच्या उपस्थितीत एकमेकांत मिसळावे म्हणून मोठ्या प्रमाणावर सांस्कृतिक कार्यक्रम आणि खेळ घ्यावेत, असे त्यात लिहिले आहे. नव्या मुलांचे लहान गट करून प्रत्येक गट एका शिक्षकाकडे सोपवावा, असे लिहिले आहे. शक्यतो शिक्षकांनी वसतिगृहात मुलांसोबत जेवावे, हेही लिहिले आहे. कुणाचा तरी मुलगा गेला तेव्हा हे सुचले, हे विसरू नका. नव्या मुलाची भीती जावी, हा अशा कार्यक्रमाचा पहिला उद्देश. तुमच्या कार्यक्रमाने ती वाढवली.

तोच प्रकार वाढदिवसांचा. रात्री बाराच्या ठोक्याला पोराला खोलीतून ओढून काढायचे, चादरीत गुंडाळायचे आणि लाथा घालायच्या. वर अंडी आणि शेव्हिंग क्रीम. मित्र आहोत म्हणून मारतो, असे मला एकाने तोंडावर सांगितले. ज्याला मार बसतो तो हसतो, कारण रडला तर वर्षभर चिडवाल हे त्याला माहीत असते. मूत्रपिंडाला मार लागला, पाठीचा मणका दुखावला, तर ती लाथ कुठल्या मित्राची होती हे डॉक्टर विचारत बसत नाहीत. हा प्रकार आजपासून बंद.

यापेक्षाही मला जास्त टोचते ते मेसमध्ये. मी रोज पाहतो. खिडकीजवळचे टेबल एका जिल्ह्याचे, नळाजवळचे दुसऱ्या जिल्ह्याचे, कोपऱ्यातले तिसऱ्यांचे. जिल्ह्याच्या आड काय दडलेले असते तेही मला कळते. नवा मुलगा आला की आधी आडनाव विचारता. आडनावावरून अंदाज आला नाही की गाव विचारता. गावावरूनही कळले नाही की 'प्रवेश कुठल्या कोट्यातून?' असे विचारायला जीभ कचरत नाही. नंदुरबारहून, मेळघाटातून आलेला मुलगा पहिल्या आठवड्यातच ओळखतो की इथे आपल्याला बसायला जागा नाही. मग तो गर्दी ओसरल्यावर, मेस बंद व्हायच्या बेताला येतो आणि एकटा जेवून जातो.

आणि जयंत्या! शिवजयंतीची समिती वेगळी, आंबेडकर जयंतीची वेगळी, गणपतीची वेगळी. ईदच्या दिवशी तर नोटीस बोर्डावर शुभेच्छांचा एक कागदही लागत नाही. महापुरुष तुम्ही टेबलांसारखे वाटून घेतले आहेत. एका जयंतीच्या मिरवणुकीत जो घसा फोडून घोषणा देतो, तो दुसऱ्या जयंतीला खोलीचे दार लावून वेब सिरीज बघतो. असे दहा उत्सव केलेत तरी हॉस्टेल एक होणार नाही. प्रत्येक उत्सवाने एकेक भिंत मात्र वाढेल.

ज्या भूमीत तुम्ही हे करता, तिथे वसतिगृह म्हणजे काय होते ते ऐका. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ साली कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केले. पुढे जैन, मुस्लिम, लिंगायत, सारस्वत अशा एकेका समाजाची वसतिगृहे महाराजांच्या पाठबळाने उभी राहिली. १९०८ साली अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघाले. ही सोय झाली नसती तर खेड्यातले पोर शहरातल्या शाळेची पायरी चढले नसते. त्याच कोल्हापुरात जैन बोर्डिंगमध्ये भाऊराव पाटील नावाचा एक विद्यार्थी राहत होता. मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला तो गेला. परत आल्यावर अंघोळ करून शुद्ध हो, असा हुकूम झाला. त्याने तो मानला नाही आणि त्याला बोर्डिंग सोडावे लागले. तुमच्याच वयाचा होता तो.

त्याच भाऊरावांनी १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचे एकत्र वसतिगृह सुरू केले. १९२७ साली गांधीजींच्या हस्ते त्याचे श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नामकरण झाले. तिथे मुले एका पंगतीला जेवत. स्वयंपाक मुलेच करत, पाणी मुलेच भरत, शेतात मुलेच राबत. ज्या काळात सावली पडली तरी विटाळ मानत, त्या काळात एकाने मळलेले पीठ दुसऱ्याने भाजले आणि तिसऱ्याने वाढले. मुलांना खायला धान्य उरले नाही तेव्हा लक्ष्मीबाई पाटलांनी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही मोडले. १९३० साली त्या गेल्या. त्यांच्या पोटच्या पोरांइतकाच त्या बोर्डिंगातल्या प्रत्येक मुलाचा त्यांच्यावर हक्क होता.

त्या मुलांनी बंधुभावाचा वेगळा कार्यक्रम कधी केला नाही. बंधुभाव त्यांच्या हातातल्या कामातून आला. एकत्र चूल फुंकली, एकत्र खड्डे खणले, एकत्र उपाशी राहिले. ज्याच्याबरोबर घाम गाळला त्याची जात विचारायला तोंड वळत नाही, ही माणसाची साधी रीत आहे. 'कमवा व शिका' योजनेत तुमच्यातली काही मुले आज ग्रंथालयात आणि बागेत काम करतात. त्या योजनेमागे उभे आहेत ते भाऊरावच. आणि तुम्ही त्या मुलांना पाहून नजर चुकवता.

आता तुमच्या सबबी. सर, आम्ही बोलावतो, मुले येतच नाहीत. का येतील? ज्या कार्यक्रमात आपल्याला खुर्च्याच उचलायच्या आहेत हे माहीत आहे, तिथे कोण येईल? सर, आम्हाला अभ्यास असतो, स्पर्धा परीक्षा असते. उद्या तहसीलदार, फौजदार होऊन गावोगावच्या लोकांची गाऱ्हाणी ऐकायला निघालेला माणूस आज भिंतीपलीकडच्या पोराचे नाव विचारत नसेल, तर त्याने ती परीक्षा कशासाठी द्यायची? सर, हल्ली सगळे मोबाइलमध्ये असतात. मोबाइल तुमच्या हातात कुणी बळजबरीने दिला नाही. त्याच मोबाइलवर तुमचा हॉस्टेलचा ग्रुप आहे, दोनशे मुलांचा. मुलगा आजारी पडला तेव्हा त्या ग्रुपवर डीजेचे व्हिडिओ फिरत होते.

कार्यक्रम बंद करा, असे मी म्हणत नाही. नाचा, गा, नाटक बसवा, क्रिकेटचे सामने घ्या. ऐन विशीत हे करायचे नाही तर कधी करायचे? पण कार्यक्रम कुणासाठी आणि कुणाच्या हातून होतो, हे आधी सरळ करा. त्यासाठी काही गोष्टी मी ठरवल्या आहेत.

पुढच्या वर्षापासून खोल्यांचे वाटप मी करणार. एका गावचे, एका कॉलेजातून आलेले दोघे एका खोलीत राहणार नाहीत. मेस कमिटीत प्रत्येक मजल्यावरचा पहिल्या वर्षाचा एक मुलगा असेल, आणि भाजी आणायला सीनियरबरोबर मंडईत तोही जाईल. रविवारच्या फिस्टला वाढप्याचे काम तिसऱ्या वर्षाची मुले करतील, पहिली पंगत नव्या मुलांची बसेल, आणि मी रोज कुठल्या ना कुठल्या टेबलावर तुमच्यात जेवायला बसेन. ज्याचे सलग दोन खाडे पडतील त्याच्या खोलीवर त्याच संध्याकाळी मजल्याचा प्रतिनिधी जाऊन येईल. सगळ्या जयंत्यांची आणि सणांची समिती एकच असेल. शिवजयंतीचे व्याख्यान ठरवणारी मुलेच आंबेडकर जयंतीचे ग्रंथप्रदर्शन लावतील आणि ईदचा शीरखुर्माही तीच वाढतील.

दिवाळीत मेस बंद होते. तुम्ही गावी जाता. पण मणिपूर, त्रिपुराकडची, गडचिरोलीच्या आतल्या गावांची काही मुले भाडे परवडत नाही म्हणून इथेच राहतात आणि गेटबाहेरच्या टपरीवर वडापाव खाऊन सण काढतात. यंदा शहरातच घर असलेल्या प्रत्येकाने त्यातल्या एकाला एक दिवस घरी जेवायला न्यायचे. याला वर्गणी लागत नाही, मंडप लागत नाही. तुमच्या आईला एक ताट जास्त वाढायला सांगा, ती नाही म्हणणार नाही.

मी कठोर बोललो, ते मुद्दाम बोललो. तुमच्यातले बरेच जण घरातून शिकायला बाहेर पडलेले पहिलेच आहेत. इथे कुणी विचारपूस केली नाही की असा मुलगा एक दिवस बॅग भरून गप्प गावी निघून जातो आणि त्याच्यामागे त्याच्या धाकट्या बहिणीचीही वाट बंद होते. असे मी होऊ देणार नाही, आणि तुम्हीही होऊ देऊ नका.

तो मुलगा आता बरा आहे. उद्या दुपारी त्याला दवाखान्यातून सोडणार आहेत. शेजारच्या खोलीतल्या दोघांनी माझ्याबरोबर त्याला आणायला यायचे आहे. बाकीच्यांनी आज रात्री झोपण्यापूर्वी डाव्या-उजव्या खोलीचे दार वाजवायचे, नाव विचारायचे, गाव विचारायचे आणि जेवलास का, एवढे विचारायचे. आडनावाची चौकशी करायची नाही. परवा संध्याकाळी मी प्रत्येक मजल्यावर येणार आहे, आणि तुमच्या शेजाऱ्याचे नाव तुम्हाला विचारणार आहे.