कौशल्याचे पुण्य कोणाचे?

गेल्या जत्रेपूर्वी आमच्या पेडणे महालातील देवस्थानच्या सभामंडपात महाजनांची बैठक भरली होती. विषय नेहमीचेच होते: दीपस्तंभाचा रंग, विजेची रोषणाई, दशावतारी मंडळीची बिदागी. सर्वांत शेवटी अध्यक्षांनी एक पत्र वाचून दाखविले. मद्याच्या धंद्यातील एका संस्थेने जत्रेच्या खर्चास भरघोस देणगी देऊ केली होती, आणि महाद्वाराबाहेरच्या कमानीवर आपले नाव असावे एवढीच तिची अपेक्षा होती. बाटलीचे चित्र नको, नाव पुरे. त्याच नावाचा सोडाही बाजारात मिळतो, तेव्हा कायद्याची अडचण येणार नाही, असेही पत्रात नमूद केले होते. त्या संस्थेचे नाव येथे सांगण्याचे काही प्रयोजन नाही.

बैठकीत अपेक्षेप्रमाणे दोन तट पडले. एक वयोवृद्ध महाजन म्हणाले, देवाच्या दारात दारूचे नाव नको. त्यावर दुसऱ्यांनी विचारले, किनाऱ्यावर ज्यांची मद्याची दुकाने आहेत त्यांच्या अभिषेकाच्या पावत्या आपण फाडतोच ना? याचे उत्तर कोणी दिले नाही. येथपर्यंतचा वाद आम्हांस परिचयाचा होता. परंतु नंतर एक तरुण महाजन उठले आणि अध्यक्षांना उद्देशून म्हणाले, "काका, ही गुत्त्यावरची दारू नव्हे. हे लोक लाकडी पिंपात वर्ष वर्ष बिअर मुरवत ठेवतात. प्रत्येक पिंपाची चव निराळी. एखादे मनासारखे उतरले नाही तर सारे ओतून टाकतात. ही कला आहे. देवाची मूर्ती घडविणाऱ्याला आपण शाल देतो, मग यांच्या हातालाच मान का नको?"

सभेत थोडा हशा झाला. परंतु प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. ज्या वस्तूविषयी आपले मन साशंक आहे ती वस्तू कोणी अत्यंत निष्ठेने, धीराने आणि सचोटीने घडविली, तर त्या निष्ठेचे आपण काय करावे? तिला वंदन करावे, की वस्तूबरोबर तीही नाकारावी?

आम्ही स्वतः मद्य घेत नाही; परंतु ज्या गोष्टीचा निवाडा करावयाचा ती आधी समजून घ्यावी, एवढे कर्तव्य तरी न घेणाऱ्यालाही चुकत नाही. बिअर म्हणजे मुळात धान्याचे आंबवण. जवाला मोड आणून ते सुकवावयाचे, भरडून गरम पाण्यात कालवून त्यातील गोडी काढावयाची, हॉप नावाच्या वेलीची फुले घालून ती उकळावयाची, आणि निवल्यावर यीस्ट घालून आंबू द्यावयाची. बाटलीमागून बाटली एकाच चवीची निघावी यासाठी मोठ्या कारखान्यांची सारी खटपट असते. लहान ब्रुअरीवाल्यांना त्या एकसुरीपणाचा कंटाळा. आमच्या शेजारच्या डिचोली महालातील लाटंबार्से गावाचे नाव धारण करणारी एक कंपनी अशाच निरनिराळ्या चवींच्या बिअर काढते. वरील प्रसंगाशी तिचा कसलाही संबंध नाही, हे आधीच सांगून टाकतो. तिच्या बिअरचे नाव मात्र आम्हांस विचार करावयास लावते: 'माका दी'. कोंकणी वाचकांस अर्थ सांगावयास नको. दुकानाच्या फळीपाशी उभा राहणारा हेच म्हणतो. आणि गाऱ्हाण्याच्या वेळी देवापुढे उभे राहून आम्ही तरी दुसरे काय म्हणतो?

पिंपात मुरविण्याची रीत याहून कठीण. पिंप ओक नावाच्या झाडाचे, बहुधा आधी कोठेतरी व्हिस्की किंवा वाइन साठविलेले. अमेरिकेत बर्बन या मद्यासाठी आतून जाळलेले कोरे पिंपच वापरावे असा कायदा आहे. त्यामुळे एकदा वापरलेली पिंपे तेथून जगभर विकली जातात. त्या लाकडातून बिअरमध्ये व्हॅनिलाचा, खोबऱ्याचा, किंचित धुराचा गंध उतरतो. लाकडाच्या रंध्रांतून हवेचा शिरकाव होतो, रानटी जंतू आपले काम करतात, आणि महिन्यामहिन्याने चव पालटत जाते. बेल्जियममध्ये लांबिक नावाची बिअर एक ते तीन वर्षे पिंपात ठेवून मग जुन्या-नव्याचे मिश्रण करतात. हवा उष्ण असेल तर मुरण्याऐवजी शिर्का होण्यास वेळ लागत नाही, म्हणून आमच्याकडे पिंपे जपावी लागतात. शिवाय काही अंश लाकडातून हवेत उडून जातो. स्कॉटलंडमध्ये व्हिस्कीच्या पिंपातून वर्षाला सुमारे २ टक्के उडून जाते. आमच्या हवेत त्याच्या कित्येक पट. तिकडचे कारागीर या तुटीला देवदूतांचा वाटा म्हणतात. हे वाचले तेव्हा आम्हांस आमच्या गावच्या सीमेवरचा देवचार आठवला. त्यालाही राखणीबद्दल रोट आणि सुरो द्यावा लागतो. फरक एवढाच, की देवदूत आपला वाटा न विचारता नेतात.

तेव्हा त्या तरुण महाजनांचे अर्धे म्हणणे आम्ही मान्य करतो. बिघडलेले पिंप ओतून टाकणारा मनुष्य स्वतःची फसवणूक करीत नाही आणि दुसऱ्याचीही करीत नाही. असे किती व्यवसाय आज दाखविता येतील?

आणि ही निष्ठा काही परदेशातूनच आलेली नव्हे. काजूचे झाड पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणले हे खरे, परंतु पेडणे, डिचोली, सत्तरीच्या डोंगरांवर त्यातून जे निर्माण झाले ते येथल्या माणसांचे. फेणीसाठी बोंडू झाडावरून तोडीत नाहीत. पिकून आपोआप खाली पडलेलाच वेचतात. तो कोळंबीत पायांनी तुडवून रस काढतात, तो बाहेरून काही न घालता दोनतीन दिवस आंबू देतात, आणि भाटीवर चढवितात. पहिल्या उकळीचा हुर्राक, पुढची फेणी. २००९ मध्ये काजूफेणीला भौगोलिक निर्देशांक मिळाला आणि २०१६ मध्ये राज्य सरकारने तिला वारशाचे पेय ठरविले. ज्या भाटीकडे शिकलेली मंडळी नाक मुरडून पाहत होती, तीच आता पाहुण्यांना दाखविण्याची वस्तू झाली. भाटीवाला मात्र बदलला नाही, पाहणारे बदलले.

शास्त्राकडे वळावे तर तेथेही एक स्वर नाही. मनुस्मृतीने सुरापान महापातकांत गणले. तथापि सौत्रामणी यागात सुरेचीच आहुती आहे. कौटिल्याने मद्यावर बंदी न घालता सुराध्यक्ष नेमला. आणि रात्री जेवणानंतर द्राक्षासवाचे दोन चमचे घेणाऱ्या आमच्या आप्तेष्टांना त्यातील आसव हा शब्द कशाचा वाचक आहे, हे आम्ही कधी विचारीत नाही. महाभारतातील कचाची कथा या बाबतीत अधिक बोलकी आहे. दैत्यांनी कचाला जाळून त्याची राख सुरेत कालविली आणि ती शुक्राचार्यांना पाजली. शुद्धीवर आल्यावर शुक्राचार्यांनी दैत्यांना नव्हे, सुरेला दूषण दिले, आणि यापुढे ती पिणाऱ्या ब्राह्मणास ब्रह्महत्येचे पाप लागेल असे सांगितले. ती सुरा चांगली होती की वाईट, कोणत्या पात्रात मुरविलेली होती, हे कथेत कोठेही नाही. आपण काय गिळतो आहोत हे पिणाऱ्याला कळले नाही, एवढाच तिचा दोष. आम्हांस वाटते, मद्याविरुद्ध आजवर झालेल्या आक्षेपांत हा सर्वांत मार्मिक आहे.

परंतु आमच्या प्रश्नाच्या अगदी जवळ येते ती वनपर्वातील धर्मव्याधाची कथा. तपाचा अभिमान वाहणारा कौशिक ब्राह्मण धर्म शिकावयास मिथिलेस जातो आणि पाहतो तो गुरू मांसाच्या दुकानात बसलेला! व्याध त्यास सांगतो की हा माझा कुळाचा धंदा. मी स्वतः प्राणी मारीत नाही, मांस खात नाही, तोलात फसवीत नाही, वृद्ध मातापित्यांची सेवा करतो. या कथेचा आधार घेऊन कोणताही धंदा प्रामाणिकपणे केला की तो पवित्र होतो, असे पुष्कळ लोक म्हणतात. व्याध मात्र तसे कोठे म्हणत नाही. आपले कर्म घोर आहे, हे तो स्वतःच कबूल करतो. कौशिकाला तो घरात नेतो आणि मातापित्यांपुढे उभा करतो. त्याचा मोठेपणा दुकानात नाही, त्या आतल्या खोलीत आहे. आपल्या दुकानाची पाटी मिथिलेच्या राजद्वारावर लागावी, अशी त्याने मागणी केल्याचे ऐकिवात नाही.

येथे आमच्या परिचयाच्या एका भाटीवाल्याची आठवण सांगितल्यावाचून राहवत नाही. हे गृहस्थ डिचोलीकडचे. शिरगावच्या श्रीलईराईचे ते धोंड आहेत. देवीची जत्रा वैशाख शुद्ध पंचमीला, म्हणजे नेमकी काजूच्या हंगामात. व्रताचे दिवस सुरू झाले की ते भाटी विझवतात. रानात बोंडू पडून कुजतो, शेजारच्या भाट्या धडधडत असतात, वर्षाच्या कमाईतील चांगले दिवस हातचे जातात. ते वेताची काठी घेऊन आपल्या माटवात बसलेले. अग्निदिव्य झाले, मोगरीच्या कळ्यांचे हार घरोघर पोचले, की पुन्हा भाटी पेटते. आम्ही त्यांना एकदा विचारले, हे दोन्ही कसे जमते? ते म्हणाले, "तें देवीचें, हें पोटाचें. दोनूय म्हजेंच." आम्ही अधिक खोदून विचारले तेव्हा ते थोडे रागावले आणि म्हणाले, "देवीक हांवें केन्नाच सांगूंक ना, फेणी बरी म्हण."

त्या तरुण महाजनांच्या युक्तिवादात जी चूक होती, ती या वाक्याने आम्हांस दिसली. कारागिराचा धीर हा कारागिराचा गुण. एक वर्ष पिंपापाशी वाट पाहिली ती त्याने. पिणाऱ्याने केवळ पैसे मोजले. विकत घेतलेल्या वस्तूबरोबर तिच्या कर्त्याचा संयम पेल्यात उतरत नाही, आणि तो संयम पुरता झालाच तर पिणाऱ्याच्या घरी, त्याच्या बायकोमुलांसमोर, त्याचा त्यालाच आणावा लागतो. महाग बिअरने कोणाचे घर बुडत नाही, असे आम्हांस सांगण्यात आले. ते बव्हंशी खरे असेल. आमच्या गावात जी घरे बुडाली ती स्वस्त दारूने. परंतु त्या घरांतील मुलेही जत्रेला येतात. बाप ज्या वस्तूपायी रात्री घरी येत नाही, तिच्याच कुळातले नाव देवाच्या कमानीवर वाचून त्या मुलाने काय समजावे? 'कला' आणि 'व्यसन' हा भेद त्याला कोणी सांगितलेला नसतो. पत्रादेवीची किंवा दोडामार्गाची सीमा ओलांडताच तीच बाटली परवान्यावाचून गुन्हा ठरते, हेही त्याला ठाऊक असते.

आमच्या स्वतःच्या बाजूचा दोषही लपवू नये. त्या वयोवृद्ध महाजनांच्या बोलण्यात देवाची काळजी होती, तसाच कौशिकाचा अभिमानही थोडा होता. न पिणे ही आमच्यापैकी कित्येकांची साधना नव्हे, केवळ घरची सवय आहे. ज्याला मोह झालाच नाही त्याने भाटी विझविणाऱ्याकडे वरून पाहू नये.

बैठक रात्री उशिरापर्यंत चालली. शेवटी आम्हीच एक तोडगा सुचविला, आणि तो कुरकुरत का होईना, संमत झाला. त्या संस्थेस पत्र गेले: आपली देणगी देवास अमान्य नाही; फंडपेटी चोवीस तास उघडी असते; तीत टाकलेल्या पैशाची पावती दिली जात नाही आणि कोणाचे नाव विचारले जात नाही. कमान मात्र आम्ही नेहमीप्रमाणे आंब्याच्या डहाळ्यांची आणि माडाच्या चुडतांची करू.

पत्राचे उत्तर आले नाही. जत्रेनंतर फंडपेटी उघडली तेव्हा रक्कम गतवर्षापेक्षा बरी भरली. त्यात त्या संस्थेचे काही होते की नाही, हे नोटा मोजणाऱ्यांस कळण्याचा मार्ग नव्हता.