तंबोरा जुळवताना

हे मनन तंबोऱ्याजवळ बसून करायचे आहे. घरात तंबोरा नसेल, गाणे येत नसेल, तरी चालेल. मनातल्या मनात तो जवळ घ्या. एकेक परिच्छेद वाचा आणि थोडे थांबा.

आधी नुसते बसा. भोपळा मांडीला टेकलेला आहे, दांडी कानाशी उभी आहे. श्वास जसा चालला आहे तसा चालू द्या. अजून तारेला हात लावलेला नाही.

आता एक फेरी छेडा. मधल्या बोटाने पहिली तार, पंचमाची. मग तर्जनीने जोडाच्या दोन, आणि शेवटी पितळेची जाड तार, खर्जाची. काहीतरी खटकते आहे. लगेच खुंटीकडे धावू नका, आधी कुठे खटकते ते ऐका. जोडाच्या दोन तारा एकापाठोपाठ वाजल्या की त्यांच्यामध्ये एक लाट उठते, वर-खाली, वर-खाली. खुंटी केसभर पिळा. लाट संथ झाली. आता खुंटी राहू द्या, घोडीपलीकडचा मणी अगदी किंचित सरकवा. लाट आणखी लांबली, मग विरली. दोन तारांची एक तार झाली.

हे करताना मनात काय चालले होते, ते पाहा. बहुतेकांच्या मनात असते, ‘कधी एकदा हा जुळतो आणि गायला लागतो!’ त्या विचाराला हाकलू नका. तो आला हे नुसते ओळखा आणि पुन्हा तारेकडे या.

पुढच्या कामाला आणखी निवांतपणा लागतो. घोडीवर, तारेखाली, सुताचा एक बारीक दोरा असतो. त्याला जीवा म्हणतात, आणि त्याने तारेला येणाऱ्या झंकाराला जवारी. तो चुकीच्या जागी असला की तार मुकी वाटते, नाहीतर कर्कश झणझणते. एका हाताने तार छेडत राहा, दुसऱ्या हाताने दोरा हळूहळू सरकवा. इतका हळू, की तो हलला की नाही हे डोळ्यांना कळू नये, कानालाच कळावे. एका जागी तार एकदम उमलते. आता खर्जाची तार छेडा आणि तिचा आवाज मावळेपर्यंत तिच्याबरोबर राहा. त्या आवाजाच्या पोटातून गंधार ऐकू येईल. तंबोऱ्याला गंधाराची तार नाही. एकच तार आपल्या आत पाच समान भागांतही थरथरते, त्या थरथरीतून तो उमटतो. कान टवकारून त्याची वाट पाहिली तरी तो येत नाही. जुळणी नेमकी झाली की तो तिथे असतोच.

इथे जरा जास्त वेळ थांबा. घाईचे काहीच नाही.

पं. विष्णू दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. पुढे त्या परंपरेतून प्रारंभिकपासून विशारदपर्यंत परीक्षांची शिडी उभी राहिली. परीक्षा मला नकोशा वाटत नाहीत. त्यांनी घरोघरच्या मुलामुलींना शिस्तीने राग दिले. पण मंद्र षड्जात कोणी उत्तीर्ण होत नाही. पहिल्या दिवशी विद्यार्थी तोच लावतो, आणि ऐंशीच्या घरातला गवईही पहाटे उठून तोच लावतो. त्या लावण्यात ज्याला गोडी लागली त्याचे गाणे टिकते. नाही लागली, तर प्रमाणपत्र भिंतीवर चढते आणि तंबोरा गवसणीत जातो. अशी घरे मी बरीच पाहिली आहेत आणि प्रत्येक वेळी मला वाईट वाटले आहे.

मिरजेला स्थायिक झालेले उस्ताद अब्दुल करीम खाँ १९३७ साली दक्षिणेत प्रवासात होते. वाटेत प्रकृती बिघडली म्हणून एका लहान स्टेशनावर उतरले. तिथे फलाटावर त्यांनी तंबोरा जुळवायला लावला आणि दरबारी कानड्याच्या सुरांत प्रार्थना म्हटली, असे सांगतात. त्यातच ते गेले. समोर मैफल नव्हती, बिदागी नव्हती. शेवटच्या घटकेला त्यांना सूर लागलेला हवा होता, एवढेच.

आता तुमचे रोजचे एखादे काम मनात आणा. कोणतेही, पण हातांनी करायचे. त्यातही एखादी अशी जागा असेल जी तुम्ही रोज उरकून पुढे जाता. ती जागा शोधा. तिथे तुमचे हात नेमके काय करतात, बोटे कुठे दाब देतात, कान काय ऐकतात, हे आठवा. आठवत नसेल, तर तुम्ही तिथे आजवर पुरते हजर नव्हता. हा दोष मानू नका. उद्या ते काम करताना तिथे थोडे रेंगाळा.

आणि ज्यांच्या घरी कपाटावर तंबोरा पडून आहे, त्यांना कळकळीची विनंती: येत्या रविवारी गवसणी काढा. मोबाइलवरचा तंबोरा सोयीचा आहे, पण तो जुळलेलाच येतो; जुळवण्याचा आनंद त्यात मिळत नाही. तारा गंजल्या असतील तर बदला. घोडी झिजली असेल तर मिरजेच्या सतारमेकरांकडे न्या. ती घासून जवारी काढून देणारे कारागीर तिथे आजही आहेत.